चौकशी-अहवालाची भाषा : 'फ्री अहवाला'चे एक परीक्षण

चौकशी-अहवाल हा वाङ्मयाच्या अभ्यासकाने वाचावयाचा ग्रंथ आहे असे सहसा मानले जात नाही. तो वकिलांनी चाळावा, वृत्तपत्रांनी त्यातील दोन-चार वाक्ये उचलावीत आणि मग तो दप्तरात पडावा, अशीच रीत आहे. परंतु एखाद्या संस्थेने आपले पाप कोणत्या शब्दांत मांडले, कोणाचे नाव कर्त्याच्या जागी ठेवले आणि कोणाचे कर्मणि प्रयोगाच्या आड दडविले, हे पाहावयाचे असेल तर अहवालासारखे दुसरे साधन नाही. विद्यापीठाने स्वतःविषयी लिहविलेल्या अहवालाला तर हे विशेषच लागू पडते. कारण भाषेची आणि पुराव्याची जाण हाच ज्या संस्थेचा व्यवसाय, तिची भाषा येथे कसाला लागते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या विश्वस्तांनी नेमलेल्या लुई फ्री यांचा १२ जुलै २०१२ रोजी प्रसिद्ध झालेला २६७ पानांचा अहवाल या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. त्यात जितके उत्तम आहे तितकेच सदोषही आहे, आणि त्यातील दोष त्याच्या गुणांइतकेच बोधक आहेत.

मराठी वाचकाच्या परिचयाचा महाविद्यालयीन जिमखाना डोळ्यांपुढे ठेवून हा विषय कळणार नाही. अमेरिकेत विद्यापीठाचा फुटबॉल-संघ हा एक स्वतंत्र संसार असतो. पेन स्टेटचे क्रीडांगण एक लाखाहून अधिक प्रेक्षक सामावून घेते. ज्या गावात ते आहे त्या गावाची वस्ती त्या मानाने किरकोळ. जो पॅटर्नो हे १९६६ पासून २०११ पर्यंत तेथील मुख्य प्रशिक्षक होते. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा एक भाग त्यांच्या नावाने ओळखला जातो, आणि क्रीडांगणाबाहेर त्यांचा पुतळाही होता. त्यांचा दीर्घकाळचा साहाय्यक जेरी सँडस्की हा १९९९ मध्ये निवृत्त झाला. वंचित मुलांसाठी त्याने १९७७ मध्ये 'सेकंड माइल' ही धर्मादाय संस्था काढली होती, आणि तिच्यातूनच त्याला मुले मिळत. निवृत्तीनंतरही त्याला मानद पद, १,६८,००० डॉलर्सची एकरकमी देणगी आणि क्रीडागृहाच्या किल्ल्या मिळाल्या. नोव्हेंबर २०११ मध्ये त्याला अटक झाली. २२ जून २०१२ रोजी ४८ पैकी ४५ आरोपांवर तो दोषी ठरला, आणि त्याला किमान ३० व कमाल ६० वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. त्याचा अपराध न्यायालयात सिद्ध झाला आहे. फ्री यांच्यापुढचा प्रश्न निराळा होता. विद्यापीठातील थोरांना काय ठाऊक होते, आणि ठाऊक असून त्यांनी काय केले?

अहवालाचा पहिला आणि मोठा गुण असा की तो या प्रश्नाचे उत्तर मूळ कागदांतून देतो. चौकशी-पथकाने चारशेहून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि पस्तीस लाखांच्या आसपास ई-पत्रे व कागदपत्रे तपासली. या ढिगाऱ्यातून जे थोडे कागद वर आले ते अहवालकर्त्याच्या कोणत्याही विशेषणापेक्षा अधिक बोलके आहेत. १९९८ मध्ये एका मातेने तक्रार केली आणि विद्यापीठाच्या पोलिसांनी चौकशी केली. खटला मात्र झाला नाही. त्या वेळी उपाध्यक्ष गॅरी शुल्ट्झ यांनी स्वतःच्या हाताने काही टिपणे केली. अनर्थांची पेटी तर उघडत नाही ना, आणि आणखीही मुले असतील काय, असा प्रश्न त्या टिपणांत आहे. प्रश्न अचूक होता. तो विचारणाऱ्याने कागद निराळ्या धारिणीत ठेवून दिला आणि उत्तर शोधले नाही. अज्ञान ही सबब ज्यांना पुढे करावयाची असते त्यांच्या विरुद्ध याहून मोठा साक्षीदार मिळणार नाही.

दुसरा प्रसंग फेब्रुवारी २००१ चा. माइक मॅक्वेरी या तरुण साहाय्यकाने रात्री क्रीडागृहाच्या स्नानगृहात सँडस्कीला एका मुलासह पाहिले. दुसऱ्या दिवशी त्याने पॅटर्नो यांना सांगितले. पॅटर्नो यांनी क्रीडा-संचालक टिम कर्ली यांना व शुल्ट्झ यांना कळविले; तेथून गोष्ट अध्यक्ष ग्रॅहॅम स्पॅनियर यांच्यापर्यंत गेली. प्रथम असे ठरले होते की राज्याच्या बालकल्याण-खात्याला, सेकंड माइल संस्थेला आणि सँडस्कीला, अशा तिघांना सांगावे. दोन दिवसांत बेत बदलला. अधिक विचार केल्यावर आणि पॅटर्नो यांच्याशी बोलल्यावर आपले मन या बेताला धजत नाही, असे कर्ली यांनी लिहिले. आधी सँडस्कीशीच बोलावे, त्याने साहाय्य केले नाही तरच खात्याकडे जावे. स्पॅनियर यांनी संमती दिली. हा मार्ग माणुसकीचा व समंजस आहे, फक्त सँडस्कीने ऐकले नाही तर न कळविल्याबद्दल आपण अडचणीत येऊ, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर आहे.

या दोन-तीन लहानशा पत्रांचे जितके बारकाईने वाचन व्हावयास हवे तितके अहवालात झालेले नाही, हे आश्चर्य आहे. 'माणुसकी' हा शब्द तेथे आहे, पण तिचा विषय सँडस्की आहे. 'अडचण' आहे, पण ती 'आपली'. मुलाचा उल्लेख शोधावा लागतो. त्याचे नाव, वय, पत्ता कोणी विचारल्याचे कोठेच दिसत नाही. भाषा सौम्य, सुसंस्कृत, किंबहुना दयाळू आहे, आणि तिच्या व्याकरणातच बालकाला जागा नाही. ही माणसे क्रूर नव्हती. क्रूर माणसाला इतकी मृदू वाक्ये सुचत नाहीत. त्यांना आपल्या ओळखीच्या, आपल्या बरोबरीच्या गृहस्थाविषयी कणव वाटली, आणि अनोळखी मुलाविषयी काहीच वाटले नाही. झाकपाक होते ती बहुधा अशीच, कटाच्या बैठकीत नव्हे, सभ्य पत्रव्यवहारात.

'कळविणे' हे या प्रकरणातील मध्यवर्ती क्रियापद आहे. कार्यालयीन व्यवहाराशी ज्याचा संबंध आला आहे त्या प्रत्येकाला ते चांगले परिचित असते. 'वर कळविले' असे म्हटले की सांगणाऱ्याची सुटका होते. मॅक्वेरीने पॅटर्नो यांना कळविले, पॅटर्नो यांनी कर्लींना, त्यांनी स्पॅनियर यांना. प्रत्येकाने आपले कर्तव्य केले असे प्रत्येकाला म्हणता येते, आणि पुढे न्यायालयात व न्यायालयाबाहेर तसे म्हटलेही गेले. मात्र ही साखळी कोठे संपली ते पाहिले पाहिजे. मार्च २००१ मध्ये कर्ली यांनी ज्यांना सांगितले ते दोन पक्ष म्हणजे स्वतः सँडस्की आणि त्यानेच काढलेली संस्था. सत्तेच्या पायऱ्या चढत गेलेली तक्रार अखेरीस आरोपीच्याच दारात येऊन पोचली. पुढील सात-आठ वर्षांतील अत्याचारांबद्दलही तो दोषी ठरला, ही गोष्ट या ओळीनंतर निराळी सांगण्याची गरज पडू नये.

मराठीत 'जबाबदारी' आणि 'उत्तरदायित्व' हे शब्द हल्ली एकाच अर्थाने वापरले जातात. दोहोंच्या मुळाशी जबाब, उत्तर, हीच कल्पना आहे. पण व्यवहारात 'जबाबदारी' अंगावर घेता येते, वाटता येते, दुसऱ्याकडे सोपविताही येते. उत्तर मात्र कोणीतरी विचारल्यावाचून द्यावे लागत नाही. पेन स्टेटमध्ये सर्वांकडे जबाबदाऱ्या होत्या आणि उत्तर मागणारा कोणी नव्हता. विश्वस्तांनी विचारले नाही, हे फ्री यांनी त्या विश्वस्तांच्याच पैशाने लिहिलेल्या अहवालात स्पष्ट नोंदविले आहे, आणि त्याबद्दल त्यांना श्रेय दिलेच पाहिजे.

मॅक्वेरीच्या आधी, २००० च्या शरद ऋतूत, एका सफाई-कामगाराने त्याच इमारतीत तसेच भयंकर दृश्य पाहिले होते. त्याने आपल्या सोबत्यांना सांगितले. तो थरथरत होता. त्या सर्वांनी मिळून गप्प राहावयाचे ठरविले, कारण बोललो तर नोकरी जाईल याची त्यांना खात्री होती. त्यांपैकी एकाने नंतर सांगितले की पॅटर्नो यांच्या विरुद्ध जाणे म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या विरुद्ध जाण्यासारखेच वाटे. संबंध अहवालातील ही सर्वांत जिवंत पाने होत. येथे अहवालकर्ता मध्ये येत नाही. माणसे आपल्या भाषेत बोलतात आणि एका विद्यापीठाची घडण उघडी पडते.

आणि नेमके येथेच अहवाल घसरतो. या कामगारांच्या मौनाचा आणि अध्यक्षांच्या मौनाचा उलगडा तो एकाच शब्दाने करतो. तो शब्द म्हणजे 'संस्कृती'. फुटबॉलविषयीच्या भक्तीची संस्कृती वरपासून खालपर्यंत मुरली होती, असा त्याचा निष्कर्ष. वाक्य खोटे नाही, पण फसवे आहे. रोजंदारीवर पोट असलेल्या माणसाची भीती आणि दुष्कीर्ती टाळू पाहणाऱ्या सत्ताधीशाची भीती या दोन एकच वस्तू नव्हेत. पहिला बोलला असता तर त्याचे घर बसले असते. दुसरा बोलला असता तर आठवडाभर वृत्तपत्रांत त्रास झाला असता, आणि कदाचित सत्कारही. एकीला असहायता म्हणावे, दुसरीला सोय. दोन्ही एकाच शब्दाच्या पांघरुणाखाली घातल्या म्हणजे दोषाची वाटणी सर्वांवर सारखी होते, आणि सर्वांवर सारखा पडलेला दोष कोणाच्याच अंगाला लागत नाही. समाजशास्त्रज्ञांनी मोठ्या परिश्रमाने घडविलेली ही संज्ञा चौकशी-अहवालांच्या हाती अशी स्वस्त झाली, हे खेदकारक आहे.

अहवालावर दुसरा आक्षेप पुराव्याच्या मर्यादेचा आहे. पॅटर्नो जानेवारी २०१२ मध्ये निवर्तले होते. कर्ली, शुल्ट्झ आणि मॅक्वेरी यांच्या मुलाखती पथकाला घेता आल्या नाहीत. स्पॅनियर यांची अगदी शेवटी झाली. असे असता या चौघा थोरांनी दुष्कीर्ती टाळण्यासाठी जाणूनबुजून गोष्टी दडविल्या, हा निष्कर्ष पुराव्यापेक्षा एक पाऊल पुढे जातो. पॅटर्नो कुटुंबाच्या वतीने माजी महान्यायवादी डिक थॉर्नबर्ग यांनी २०१३ मध्ये हीच त्रुटी दाखविली. त्यांचा पक्ष उघड होता, तरी मुद्दा चुकीचा नव्हता. 'पॅटर्नो यांच्याशी बोलल्यावर' या चार शब्दांतून पॅटर्नो नेमके काय बोलले हे कळत नाही. मात्र या त्रुटीचा आधार घेऊन सर्वांना निर्दोष ठरविणारे जे वाङ्मय पुढे निर्माण झाले ते अहवालापेक्षाही कच्चे आहे. त्या चार शब्दांतून काय सांगितले ते कळत नसले तरी काय झाले ते कळते: बेत बदलला, आणि खात्याला कोणीही कळविले नाही. मार्च २०१७ मध्ये कर्ली व शुल्ट्झ यांनी बालकांना धोक्यात लोटल्याचा गौण स्वरूपाचा अपराध कबूल केला. स्पॅनियर त्याच महिन्यात त्याच स्वरूपाच्या एका आरोपावर दोषी ठरले. कटाचा आरोप सिद्ध झाला नाही. २०१९ मध्ये एका संघीय न्यायाधीशाने ती दोषसिद्धी रद्द केली, डिसेंबर २०२० मध्ये वरच्या न्यायालयाने ती पुनःस्थापित केली, आणि २०२१ मध्ये, म्हणजे त्या ई-पत्रानंतर वीस वर्षांनी, त्यांनी सुमारे दोन महिन्यांचा कारावास भोगला.

पॅटर्नो यांचे स्वतःचे एक वाक्य येथे विचारात घेण्याजोगे आहे. पदावरून दूर होण्याच्या सुमारास, नोव्हेंबर २०११ मध्ये, त्यांनी म्हटले की मागे वळून पाहता आपण अधिक करावयास हवे होते असे वाटते. अनेकांना हे कबुलीजबाबासारखे वाटले. पण 'अधिक' हा शब्द तुलनेचा आहे. कशापेक्षा अधिक, हे वाक्य सांगत नाही. काही तरी पुरेसे केले होते असे तो शब्द गृहीत धरतो. पश्चात्तापाची भाषाही अशा रीतीने हिशेबाची भाषा होऊ शकते. त्यांना दूर केले त्या रात्री हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी वृत्तवाहिनीची एक गाडी उलटी केली. तो क्षोभ मुलांसाठी नव्हता.

अहवालानंतर जे घडले त्याने त्याचा 'संस्कृती' हा शब्द किती महाग पडला ते दाखविले. महाविद्यालयीन क्रीडेचे नियमन करणारी राष्ट्रीय संघटना, एन.सी.ए.ए., हिने स्वतंत्र चौकशी न करता, अहवाल निघाल्यापासून अकराव्या दिवशी, २३ जुलै २०१२ रोजी, विद्यापीठाकडून संमतिपत्रावर सही घेतली. सहा कोटी डॉलर्स दंड, चार वर्षे हंगामोत्तर सामन्यांना बंदी, शिष्यवृत्त्यांत कपात, आणि १९९८ ते २०११ या काळातील विजय रद्द. आदल्याच दिवशी पॅटर्नो यांचा पुतळा हलविण्यात आला होता. ग्रंथालयाचे नाव राहिले. सहा कोटींचा दंड बालसंरक्षणाच्या कामासाठी होता, हे खरे. पण शिष्यवृत्त्या आणि सामने ज्यांचे गेले ते २०१२ चे खेळाडू होते; २००१ मध्ये त्यांपैकी बरेचसे प्राथमिक शाळेत होते. आरोपी 'संस्कृती' असेल तर तिच्यात आज जो राहतो त्याला शिक्षा होते, हा तर्क ओघानेच आला. विजय रद्द करण्याची कल्पना तर चमत्कारिकच म्हटली पाहिजे. जे सामने लाखो लोकांनी डोळ्यांनी पाहिले ते घडलेच नाहीत असे कागदावर लिहावयाचे, आणि तेही सत्य दडविल्याची शिक्षा म्हणून! पुढे संघटनेच्या अधिकाऱ्यांचा अंतर्गत पत्रव्यवहार न्यायालयात उघड झाला तेव्हा आपला या बाबतीतील अधिकार कितपत टिकेल याविषयी त्यांना स्वतःलाच शंका होती, असे दिसून आले. जानेवारी २०१५ मध्ये तडजोड झाली आणि ते विजय परत देण्यात आले. काही विद्यार्थी-मंडळींनी तो न्याय समजून साजरा केला.

त्यानंतर ती संघटना दुसऱ्या टोकाला गेली. मिशिगन स्टेट विद्यापीठातील वैद्य लॅरी नासर याने शेकडो मुलींवर उपचाराच्या नावाखाली अत्याचार केले. जानेवारी २०१८ मध्ये त्याच्या शिक्षेच्या सुनावणीत दीडशेहून अधिक स्त्रियांची निवेदने झाली, आणि त्या वर्षी विद्यापीठाने ५० कोटी डॉलर्स देण्याचे मान्य केले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये संघटनेने विद्यापीठाकडून आपल्या नियमांचा भंग झालेला नाही असा निर्वाळा दिला. टेक्सासमधील बेलर विद्यापीठात फुटबॉल-खेळाडूंविरुद्धच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींची वर्षानुवर्षे हेळसांड झाली होती. २०२१ मध्ये तेथेही, हा निर्णय आपण अत्यंत नाखुशीने देत आहोत असे सांगून, संघटनेने तेच म्हटले. विद्यार्थ्याने अधिकृत मदतीपलीकडे काही रक्कम घेतली तर तिच्या नियमपुस्तकात त्यावर कलम सापडते. विद्यार्थ्यावर अत्याचार झाला आणि तो दडविला तर सापडत नाही. ही संघटना १९०६ मध्ये स्थापन झाली ती मैदानावर खेळाडूंचे जीव जात होते म्हणून. २०१३ मध्ये एका खेळाडूच्या मृत्यूसंबंधीच्या खटल्यात तिनेच असे म्हणणे दाखल केले की विद्यार्थी-खेळाडूंचे रक्षण करण्याचे कायदेशीर कर्तव्य आपल्यावर नाही.

फ्री अहवालाशी तुलना करण्याजोगा दुसरा अहवाल ओहायो स्टेट विद्यापीठाचा, मे २०१९ चा. रिचर्ड स्ट्रॉस या क्रीडा-वैद्याने १९७८ ते १९९८ या काळात किमान १७७ विद्यार्थ्यांवर अत्याचार केले, आणि विद्यापीठातील काहींना १९७९ पासूनच त्याची कुणकुण होती, असे त्यात आढळून आले. हा अहवाल रुक्ष आहे, लांबट आहे, वाचताना कंटाळा येतो. पण तो 'संस्कृती'च्या मागे फारसा लपत नाही. कोणी, कोणाला, केव्हा सांगितले आणि ऐकणाऱ्याने पुढे काय केले, एवढेच तो पुनःपुन्हा विचारत जातो. विद्यापीठाने ज्याला १९९८ मध्ये सन्मानाने निवृत्त होऊ दिले आणि मानद पद दिले त्याचे ते पद या अहवालानंतर काढून घेतले गेले. स्ट्रॉस २००५ मध्येच मरण पावला होता.

फ्री यांच्या अहवालावर इतके आक्षेप घेतले तरी तो लिहिला गेला आणि छापला गेला ही गोष्ट उरते; त्याच्यावर आक्षेप घेता येतात ते त्यामुळेच. त्यानंतरच्या संस्थांनी यातून धडा घेतला, पण निराळा. बेलर विद्यापीठाने २०१६ मध्ये विधिज्ञांकडून चौकशी करविली. तिचा सविस्तर लेखी अहवाल तयारच झाला नाही. विश्वस्तांना निष्कर्ष तोंडी सांगण्यात आले आणि लोकांपुढे आला तो अवघ्या तेरा पानांचा सारांश. त्या वेळी विद्यापीठाचे अध्यक्ष केन स्टार होते. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्याविषयीचा १९९८ चा विस्तृत अहवाल ज्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे तेच हे स्टार. त्यांना पद सोडावे लागले, पण कोणत्या कृत्यासाठी हे त्या तेरा पानांतून कळत नाही, कारण त्यांत व्यक्तींची नावे नाहीत.

मिशिगन स्टेटची गोष्ट वाचकाला आणखी अस्वस्थ करणारी आहे. २०१४ मध्ये एका तरुणीने नासरविरुद्ध विद्यापीठाकडे तक्रार केली होती आणि चौकशीने त्याला निर्दोष ठरविले. पुढे उघड झाले की त्या चौकशीच्या निष्कर्षांच्या दोन प्रती होत्या. तक्रारदार तरुणीच्या हाती आलेल्या प्रतीत तिचा गैरसमज झाला असावा एवढाच आशय होता. विद्यापीठाजवळ राहिलेल्या प्रतीत आणखी काही वाक्ये होती: या वैद्याच्या पद्धतीमुळे विद्यापीठावर कायदेशीर दायित्व येऊ शकते आणि रुग्णांना नाहक मानसिक आघात पोचतो. 'दायित्व' हा शब्द तेथे होता. तो ज्या तरुणीमुळे लिहिला गेला तिला मात्र तो वाचावयास मिळाला नाही. नासरच्या शिक्षेनंतरही सहा हजारांहून अधिक कागद वकील-अशिलाच्या गोपनीयतेखाली विद्यापीठाने रोखून धरले. राज्याच्या महान्यायवादींनी ते वर्षानुवर्षे मागितले. डिसेंबर २०२३ मध्ये विश्वस्तांनी ते देण्याचे ठरविले, २०२४ मध्ये ते हाती आले, आणि त्याच वर्षी चौकशी मिटविताना सांगण्यात आले की त्यांतून नवे असे काही निष्पन्न झालेले नाही.